मावशींचा हिशेब : विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, व्यवस्थापक समिती आणि सर्व सभासद,
आमची गृहनिर्माण सोसायटी, विश्रामबाग, सांगली.

विषय : घरकामगारांबाबतचा ठराव मागे घेण्याबाबत.

स.न.वि.वि.

फेब्रुवारीत लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर समितीचा एक ठराव लागला. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी त्यातली तीन कलमं थोडक्यात सांगते. घरकाम करणाऱ्या किंवा मुलं सांभाळणाऱ्या बाईचं काम थांबवताना कोणत्याही सभासदाने चालू महिन्याच्या पगाराखेरीज कसलीही रक्कम देऊ नये, कारण त्याने पायंडा पडतो आणि बाकीच्या बायका मागायला लागतात. तिला कामाचा दाखला देऊ नये, कुठल्याही सरकारी अर्जावर सही करू नये. आणि काम थांबेल त्याच दिवशी तिचा गेट पास वॉचमनने काढून घ्यावा, पुढे तिला आत सोडू नये.

मला हा ठराव मान्य नाही. मी समितीला तसं लेखी कळवलं, पत्राची पोच घेतली. उत्तर आलेलं नाही. दरम्यान शेजारच्या दोन सोसायट्यांनी ‘आम्हालाही असाच करायचाय’ म्हणून ठरावाची प्रत मागून नेली, असं ऐकलं. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. दोघंही नोकरीला आणि घरात तान्हं मूल, अशी घरं आता सांगलीत, मिरजेत, साताऱ्यात सगळीकडे आहेत. आज आपण जे कागदावर आणलं ते उद्या तिथेही लागू होईल.

ठराव कशावरून झाला हे बहुतेकांना माहीत आहे, फक्त कोणी बोलत नाही. आपल्याच इमारतीत एका घरात जुळी मुलं सांभाळायला मावशी होत्या. मुलं तीन महिन्यांची असताना त्या आल्या आणि मुलं पाचवीत जाईपर्यंत राहिल्या. गेल्या वर्षी सहामाही परीक्षा संपली त्या शनिवारी, दिवाळी तोंडावर असताना, संध्याकाळी घरी निघालेल्या मावशींना खाली पार्किंगमध्ये सांगितलं गेलं की सोमवारपासून यायची गरज नाही. पगाराचं पाकीट दिलं, वर एक साडी. मी तिथेच स्कूटर लावत होते. मावशींनी पाकीट उघडून पाहिलं नाही. एवढंच विचारलं, ‘‘पोरास्नी सांगितलंय का?’’ सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या पिशवीत मुलांचे शाळेचे दोन शर्ट होते, बटणं लावायला घरी नेत होत्या. ते काढून त्यांनी त्या घरच्या वहिनींच्या हातात दिले, कुठल्या शर्टाचं कितवं बटण सैल आहे ते दाखवलं, आणि फाटकातून बाहेर पडल्या.

पंधरा दिवसांनी त्या आपल्या लेकीला बरोबर घेऊन आल्या. दुसरं काम लागेपर्यंत दोन-तीन महिन्यांचं काहीतरी द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. आवाज चढवला नाही, कोणाला काही बोलल्या नाहीत. तरी समितीकडे तक्रार गेली की बायका आता गट करून पैसे मागायला लागल्या आहेत. त्या तक्रारीतून हा ठराव जन्मला. त्या मावशी सध्या कोल्ड स्टोरेजवर बेदाणा निवडायला जातात, दिवसाच्या हजेरीवर. दहा वर्षं दोन पोरांना एका वेळी कडेवर घेतलेली कंबर आहे ती, आता दिवसभर खाली बसून राहावं लागतं. त्यांच्याइतकं बाळाचं कळणारी बाई मी विश्रामबागेत दुसरी पाहिली नाही. पण पन्नाशीच्या बाईला बाळाचं काम द्यायला लोक कचरतात. त्यांना तरणी हवी असते.

आता माझा या सगळ्याशी संबंध काय, ते सांगते.

मी बँकेत नोकरी करते, माझे यजमान कुपवाड एमआयडीसीत. आमची लेक यंदा दहावीला बसली, मुलगा सहावी संपवतोय. लेकीच्या वेळची माझी बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा आमच्याकडेही मावशी आल्या, त्या वेगळ्या. तेव्हा त्या पस्तिशीच्या असतील. चौदा वर्षं झाली. त्या चौदा वर्षांत माझी जतच्या शाखेत बदली झाली, सकाळी अंधारात एसटी पकडायची आणि रात्री परतायचं. मुलाचा पहिला दात मावशींनी पाहिला. लेकीला पोलिओचे डोस, गोवराची लस कधी दिली हे कार्ड न बघता त्या सांगायच्या. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, वर चिमूटभर मीठ टाकून भरवायच्या, आणि माझ्या हातून ती भाकरी मुलं खात नसत.

मुलगा दोन वर्षांचा असताना त्याला तापात झटका आला. मार्च अखेरची गडबड, मी बँकेत, फोन ड्रॉवरमध्ये. मावशींनी त्याला कुशीवर वळवलं, अंगावरचे कपडे सैल केले, दातखीळ बसली तरी तोंडात चमचा-बिमचा काही घातलं नाही, आणि शेजारच्या काकांना हाक मारून त्यांच्या गाडीतून थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टर मला नंतर म्हणाले, ‘‘बाईंनी नेमकं जे करायचं तेच केलं.’’ लेकीच्या लहानपणी हेच सगळं डॉक्टरांनी मला समजावलं होतं, तेव्हा मावशी शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. तेवढ्या ऐकण्यावर त्यांनी काही वर्षांनी माझं मूल वाचवलं.

आता मुलगा सायकलवर शाळेत जातो, आल्यावर स्वतःचं जेवण वाढून घेतो. मावशींचं आमच्या घरातलं काम संपलंय, हे त्यांनाही कळतंय. त्या स्वतःच म्हणाल्या, ‘‘ताई, आता मी हितं बसून नुसती वाट बघायलीय त्याची.’’ येत्या मे महिन्याच्या अखेरीस त्या थांबणार आहेत. तारीख आम्ही दोन वर्षांपूर्वीच, मुलगा पाचवीत गेला तेव्हा, एकत्र बसून ठरवली.

हे श्रेय माझ्या सासूबाईंचं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मावशी आल्या त्याच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी मला पोस्टात मावशींच्या नावाने आरडी काढायला लावली, महिन्याला पाचशे रुपयांची. पाच वर्षांची मुदत भरली की पुन्हा नवी. त्या म्हणायच्या, ‘‘मी पोरांना शिकवलं म्हणून सरकार मला पेन्शन देतंय. हीपण पोरांनाच मोठं करायलीय, हिला कोण देणार?’’ २०१५ साली अटल पेन्शन योजना आली तेव्हा मावशी अजून चाळिशीच्या आत होत्या. सासूबाईंनी त्यांना हाताला धरून बँकेत नेलं आणि खातं उघडून दिलं. चाळिशी ओलांडली की त्या योजनेत शिरता येत नाही, हे इथे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या इमारतीत आज तिशीच्या बऱ्याच जणी कामाला येतात.

येत्या मे महिन्यात मी जे करणार आहे त्याला समितीच्या ठरावाने बंदी घातली आहे. म्हणून माझी तक्रार कलमवार मांडते.

पैशाच्या कलमापासून सुरुवात करते, कारण त्यावरच सगळ्यांचा जीव अडकलाय. ‘पायंडा पडेल’ असं ठरावात लिहिलंय. पायंडा आपल्या देशात १९७२ सालीच पडला. ग्रॅच्युइटीचा मूळ कायदा तेव्हाचा. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत सलग पाच वर्षं नोकरी झाली, की निघताना दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरायचे, शेवटच्या पगाराला पंधराने गुणून सव्वीसने भागायचं, आणि आलेल्या आकड्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. समितीतले जे निवृत्त सभासद आहेत त्या प्रत्येकाने ही रक्कम घेतलेली आहे, आणि हक्काने घेतली आहे.

घरात एकच बाई कामाला असते म्हणून तो कायदा आपल्या उंबऱ्यापाशी थांबतो. पण सगळ्या मजल्यांवर मिळून रोज सकाळी आपल्या फाटकातून दहापेक्षा कितीतरी जास्त बायका कामाला आत येतात. त्याच बायका एका कारखान्याच्या फाटकातून आत गेल्या असत्या तर त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली असती. आपल्याकडे त्या वेगवेगळ्या दारांत विभागल्या गेल्या, म्हणून त्यांच्या हाती काही नाही.

मावशींना आम्ही आज महिन्याला नऊ हजार देतो. वरच्या सूत्राने चौदा वर्षांचे होतात ७२,६९२ रुपये. आकडा मोठा वाटतो, पण चौदा वर्षांच्या महिन्यांत तो वाटला तर महिन्याला ४३३ रुपये पडतात. आपल्यापैकी प्रत्येक घर मुलाच्या एका क्लाससाठी त्याहून जास्त भरतं. सुरुवातीपासून पाचशेची आरडी चालवली तर शेवटी कुठूनही वेगळे पैसे काढावे लागत नाहीत. बँकेत असल्यामुळे हिशेब करायची सवय आहे म्हणून सांगते : ज्यांच्या घरी मूल आज वर्षाचं आहे, त्यांनी या महिन्यात सुरुवात केली तर त्यांना हे कधी जड जाणार नाही.

आणि ज्या घराला खरोखर परवडत नाही, ज्यांच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत, एकाची नोकरी गेली आहे, त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी जमेल तेवढं द्यावं. पण जो द्यायला तयार आहे त्याचा हात समितीने धरू नये. ठरावाने नेमकं तेच केलंय.

साडी, दिवाळीची ओवाळणी, लेकीच्या लग्नाला दिलेले पाच हजार, या गोष्टी मला बैठकीत सांगितल्या गेल्या. त्या चांगल्याच आहेत, आमच्याकडेही होतात. पण त्या आपल्या मर्जीवर असतात. बाईला पुढचे सहा महिने घरभाडं कसं भरायचं हे त्यावर ठरवता येत नाही. आमच्या मावशी कर्नाळ रोडच्या बाजूला राहतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा त्यांच्या घरातली भांडी, गादी, मुलाची पुस्तकं, पत्र्याच्या पेटीत ठेवलेले पैसे, सगळं गेलं. २०२१ ला पाणी पुन्हा आलं. चौदा वर्षं काम करूनही त्यांच्यापाशी शिल्लक का नाही, असं विचारणाऱ्यांनी एकदा तिकडच्या भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा बघून याव्यात.

दाखल्याचं कलम मला त्याहून जास्त खुपतं. पैसे न देण्यामागे निदान पैसे वाचतात. सही न दिल्याने कोणाचं काय वाचतं?

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. नाव नोंदवायचं ते जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात, आणि वय अठरा ते साठ लागतं. नोंदणीच्या वेळी बाई घरकाम करते असा दाखला लागतो, आणि तो तिच्याकडून काम करवून घेणाऱ्यानेच द्यायचा असतो. म्हणजे आपण. नोंदणी चालू असेल तर वयाची पंचावन्न वर्षं पूर्ण झालेल्या कामगाराला सन्मानधन म्हणून दहा हजार रुपये मिळतात. त्यात आपल्या खिशातला एक रुपया जात नाही. तरी आपला ठराव म्हणतो, सही करू नका, उद्या कोर्टात उभं करतील. कशासाठी उभं करतील? काम करत होती हे खरं आहे, तेच कागदावर लिहायचं आहे.

अनुभवाच्या पत्राचंही तेच. नवीन घरी काम मागायला गेलेल्या बाईला पहिला प्रश्न असतो, ‘आधी कुठे होतात?’ आपल्या मुलाला शाळेत घालताना आपण किती कागद जोडतो! दहा वर्षं एका घरात बाळं सांभाळली, याला तिच्याकडे एका ओळीचाही पुरावा नाही. अधूनमधून ओळखपत्राची झेरॉक्स, पोलिसांचं व्हेरिफिकेशन, फोटो, हे सगळं सोसायटी तिच्याकडून घेते. तिला द्यायची वेळ आली की मात्र कागद नको.

तिसरं कलम गेटचं. काम संपलं की बाईला आत सोडायचं नाही. या कलमाने शिक्षा कोणाला होते? मुलांना. ती जुळी भावंडं दिवाळीच्या सुट्टीत रोज संध्याकाळी वॉचमनच्या केबिनपाशी येऊन बसायची. वॉचमन काका त्यांना वर पाठवायचे, ती पुन्हा खाली यायची. त्यांना कोणी नीट सांगितलंच नव्हतं की मावशी का येत नाहीत. ‘आजारी आहेत’ असं सांगितलं होतं. मग मुलगी मला लिफ्टमध्ये म्हणाली, ‘‘काकू, आज्जी बरी झाली की नाही तुम्हाला माहितीये का?’’ ती त्यांना आज्जी म्हणायची.

दहा वर्षांच्या मुलांना सांगितलेलं कळतं. मूल मोठं झालं म्हणून मावशींचं काम थांबतंय, यात लपवण्यासारखं काही नाही. पण शेवटचा दिवस कुठला हे मुलाला आधी माहीत असायला हवं, त्या दिवशी मावशींना घरात बसवून जेवू घालायला हवं, आणि नंतर वाढदिवसाला, गणपतीला त्यांना उजळ माथ्याने येता यायला हवं. २०२० साली टाळेबंदी सैल झाली तेव्हा याच सोसायटीत सभासदांनी समितीकडे अर्ज केले होते की बाकी कोणाला सोडा न सोडा, मुलं सांभाळणाऱ्या बायकांना आधी आत घ्या. मीही सही केली होती. ज्यांच्याविना आपलं एक दिवस चालत नव्हतं त्यांना आता फाटकावर अडवायचं, हे मला पटत नाही.

शिवाय याच फाटकातून त्यांना पुढचं काम मिळायचं असतं. तिसऱ्या मजल्यावर बाळ झालं, पहिल्या मजल्यावरच्या आजी अंथरुणाला खिळल्या, हे बायकांना इमारतीत येता-जाता कळतं. पास काढून घेतला की तो रस्ताही बंद.

हा ठराव समितीने कोणत्या अधिकारात केला, हाही माझा प्रश्न आहे. आपली सोसायटी १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली आहे. उपविधीत इमारतीची देखभाल, वर्गणी, पार्किंग, सुरक्षा याबद्दल नियम आहेत. सभासदाने स्वतःच्या घरी काम करणाऱ्या माणसाला स्वतःच्या खिशातून काय द्यावं, हे ठरवायचा अधिकार मला तरी त्यात कुठे सापडला नाही. सर्वसाधारण सभेपुढे हा विषय आला नाही. ज्यांच्याबद्दल ठराव आहे त्यांच्यातल्या एकीलाही बोलावून विचारलं नाही.

‘कायद्यात कुठे लिहिलंय द्यायचं म्हणून?’ असं सचिव काका मला म्हणाले. त्यांचं वय आणि सोसायटीसाठी त्यांनी घेतलेले कष्ट यांचा मान ठेवून सांगते, कायद्यात लिहिलेलं नाही हे खरं आहे. घरकाम करणाऱ्यांच्या हक्कांबद्दलचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११ साली झाला, भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण आजवर तो करार स्वीकारलेला नाही. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितलं की घरकामगारांसाठी कायद्याची चौकट करता येईल का हे बघायला समिती नेमा. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही इथे काहीतरी उणं आहे असं वाटतंय. अशा वेळी त्या बायकांना जे थोडंफार मिळू शकतं तेही मिळू नये, म्हणून आपण आपल्या लेटरहेडवर नियम करतोय.

मुलं सांभाळण्याचं काम एका बाबतीत बाकी कामांपेक्षा वेगळं आहे. स्वयंपाकाच्या बाईंचं काम संपत नाही, धुणंभांडं संपत नाही. मूल मात्र मोठं होणारच. मावशी पहिल्या दिवशी घरात पाऊल टाकतात तेव्हाच आपल्याला ठाऊक असतं की दहा-बारा वर्षांनी त्या थांबणार. त्यांनी काम जितकं चांगलं केलं तितकं मूल लवकर स्वतःच्या पायावर उभं राहतं, आणि तितकं त्यांचं काम लवकर संपतं. इतक्या आधी माहीत असलेली गोष्ट शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये अचानक सांगायची वेळ का यावी? या बायका वयाच्या पस्तिशीपासून पन्नाशीपर्यंतची वर्षं आपल्याकडे घालवतात. त्या वर्षांत दुसरं काही शिकल्या असत्या, कुठे कायम लागल्या असत्या. ती वर्षं आपल्या घरात गेली, आणि त्या वर्षांवर आपली प्रमोशनं झाली, घरं झाली. माझं तर नक्कीच झालं.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

१. फेब्रुवारीतला ठराव समितीने लेखी मागे घ्यावा आणि तसं नोटीस बोर्डावर लावावं. ज्या सोसायट्यांना प्रत दिली त्यांनाही कळवावं.

२. मुलं सांभाळणाऱ्या मावशींचं काम थांबवायचं असेल तर किमान तीन महिने आधी त्यांना सांगावं, अशी सूचना समितीने सर्व सभासदांना करावी. त्याला पैसे लागत नाहीत. तेवढ्या काळात त्या दुसरं घर शोधू शकतात, आणि आपणही त्यांच्यासाठी चार ठिकाणी शब्द टाकू शकतो.

३. पाच वर्षांपेक्षा जास्त काम केलेल्या मावशींना निघताना दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा, अशी शिफारस सोसायटीने करावी. सक्ती करा असं मी म्हणत नाही. मनाई करू नका, आणि चांगलं काय ते निदान सांगा.

४. सोसायटीच्या ऑफिसात एक रविवार ठरवून आपल्याकडे येणाऱ्या सगळ्या घरकामगारांचे कल्याण मंडळाच्या नोंदणीचे अर्ज भरून घ्यावेत. दाखल्यावर ज्या-त्या सभासदाने सही करावी. अर्ज भरायला, कागद लावायला मी आणि आमच्या सासूबाई बसू. त्याच दिवशी ज्यांचं बँकेत खातं आहे त्यांचा वर्षाला वीस रुपयांचा अपघात विमाही काढून देता येईल. वयाच्या सत्तरीपर्यंत तो मिळतो, आणि त्यात दोन लाखांचं संरक्षण आहे.

५. काम थांबल्यावर मावशींचा पास रद्द करायचा असेल तर करा, पण ज्या घराने बोलावलं त्या घरी त्यांना पाहुण्यासारखं नोंद करून सोडावं. आपल्या घरी कोण येणार हे सभासदाने ठरवावं.

६. जुळ्यांच्या मावशींना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं. त्या घरातल्या मंडळींशी माझं भांडण नाही. वहिनी मला भेटल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, ‘‘कसं सांगायचं तेच कळत नव्हतं’’ म्हणाल्या. मला ते खरं वाटतं. म्हणूनच समितीने मध्ये पडून हे नीट करावं, त्या घराला एकटं पाडू नये आणि मावशींनाही.

हे विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत लांबवू नयेत. ती सप्टेंबरअखेरपर्यंत कधीही होईल, आणि तोवर आमच्या मावशींसह आणखी दोघी-तिघींची कामं संपलेली असतील. मेच्या पहिल्या आठवड्यात विशेष सभा बोलवावी. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर ती बोलवावीच लागते. मागणीचा कागद मी तयार केला आहे, आमच्या दारापाशी ठेवला आहे. काही सह्या झाल्या आहेत. ज्यांना पटतं त्यांनी यावं, ज्यांना पटत नाही त्यांनीही येऊन बोलावं, चहा घेऊन जावं.

आमच्या मावशींपुरतं माझं ठरलं आहे. ३१ मे रोजी त्यांच्या आरडीची रक्कम आणि हिशेबाने जे कमी पडेल ते मी त्यांच्या खात्यात भरणार. कामाच्या दाखल्यावर सही केली आहे, तारीख घातली आहे, त्याची एक प्रत समितीच्या माहितीसाठी सोबत जोडते. त्या दिवशी दुपारी त्या आमच्याकडे जेवायला आहेत आणि जूनपासून जेव्हा येतील तेव्हा आमच्या घरच्या पाहुण्या म्हणून येतील. याबद्दल समितीला माझ्यावर काही कारवाई करायची असेल तर ती कोणत्या उपविधीखाली, हे मला लेखी कळवावं.

कळावे,
आपली,
याच सोसायटीतली एक सभासद
विश्रामबाग, सांगली